थर्मोकोलची मेढ

भात कापून झालं की आमच्या मुरबाडच्या हवेला एक कोरडा, गोडसर वास येतो. पेंढ्याचा. एसटी स्टँडवर उतरलं तरी येतो, डिझेलच्या वासाखालून. काल सकाळी दारात उभी राहून तोच वास घेत होते आणि इराचा मेसेज आला. सोबत एक व्हिडिओ. "आजी, तुमच्या नाटकवाल्यांना फायनली प्रॉपर स्टेज मिळालं! किती सुंदर!" खाली निहारने पाठवलेल्या टाळ्या.

व्हिडिओ गेल्या वर्षीचा आहे. ज्या संस्थेने तो केला तिने तो पुन्हा कुठेतरी टाकलेला दिसतो. हंगाम परत आला की त्यांनाही आमची आठवण होत असावी. उंच स्टेज, निळे-जांभळे दिवे, मागे भला मोठा फ्लेक्स, पुढे पांढऱ्या कव्हरांचे सोफे. बासरीचं कसलंसं संगीत, आमचं नव्हे. आमच्या नाटकातली मंदा हसताना दिसते. ते हसू फोटोवाल्याने 'हसा, हसा' म्हणत मागून घेतलेलं आहे, मी तिथेच होते. सगळं गोड, गुळगुळीत.

मी तुम्हाला अंगठा पाठवला नाही. चहा केला, तो समोर गार होऊ दिला आणि लिहायला बसले. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवली. कुठलीही गोष्ट क्रमाने मांडायची ही सवय हाडात गेली आहे. पण राग क्रमाने येत नाही पोरांनो, तेव्हा थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आधी खळं. तुम्ही पाहिलं आहे, पण तेव्हा इरा लहान होती आणि निहार कडेवर, म्हणून पुन्हा सांगते. भात निघालं की शेताचा एक तुकडा निवडायचा, खुंट काढायचे, माती भिजवायची आणि लाकडी चोपण्यांनी चोपत चोपत ती तव्यासारखी सपाट करायची. वरून शेणाने सारवायची. मधोमध एक खांब रोवायचा, त्याला मेढ म्हणतात. मेढीला बैल बांधायचे. ते गोल गोल फिरले की त्यांच्या पायांखाली भात मळलं जायचं. आता मळणीयंत्र येतं, दुपारभर धडधडतं आणि निघून जातं. खळं कुणाला लागत नाही. मला माहीत असलेल्या गावांत आता खळं करतात ती फक्त नाटकवाली माणसं.

ही माणसं म्हणजे आमची 'मेढ' मंडळी. विलास मुरबाड ते कल्याण शेअर जीप चालवतो आणि नाटक बसवतो. मंदा घरी ब्लाउज शिवते आणि नाटकात मुख्य काम करते. रघू कसाऱ्याहून येतो, रेल्वेत नोकरीला आहे, ढोलकी वाजवतो. आणखी चार-पाच जण आहेत, काही शहापूरकडचे, काही इथले. मी तालमीला चहा आणि टीका पुरवते, मला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. भात निघाल्यावर गावोगाव खेळ करायचे, जिथे खेळ तिथे दिवसभर गावच्या लोकांची गाणी, सोंगं, मुलांची चित्रं, आणि शेवटी नाटक. याला महोत्सव म्हणतात हे आम्हाला शहरातल्या लोकांनी सांगितलं.

त्यांची तालीम म्हणजेच खळं चोपणं. एका रांगेत बसून माती चोपायची आणि त्या ठोक्यांवर वाक्यं म्हणायची. विलासचं म्हणणं, जे वाक्य ठोक्यात बसत नाही ते खोटं. कुणी अडखळला की तो लगेच म्हणतो, "थांब रे, तिथं माती पोकळ हाय." आणि खरंच ती जागा पुन्हा चोपायला लावतो. मी पुष्कळ नाटकं पाहिली आहेत, मुंबईत, दिल्लीत, तुमच्याकडे आले तेव्हा तिकडचीही. आपल्या पायाखालची जमीन स्वतः तयार करून मग तिच्यावर उभे राहणारे नट मी फक्त इथे पाहिले.

मेढ नाटकातही मधोमध असते. ती ऐनाच्या लाकडाची आहे, काळी पडलेली, बैलांच्या दाव्यांनी कंबरेपाशी झिजलेली. दर वर्षी ती वेगळी कुणीतरी होते. एकदा दवाखान्यात कधी न सापडणारा डॉक्टर झाली होती. एकदा सासू झाली, तेव्हा खऱ्या सासवा मेढीच्या बाजूने भांडायला उठल्या आणि नाटक संपेचना. कारण आमच्या नाटकात एक जागा लिहिलेली नसते. तिला जाब म्हणतात. मंदा मेढीवर फाडकन हात मारते, भोवतालच्या माणसांकडे वळते आणि विचारते, "कोण इचारतंय हिला?" मग लोक बोलतात, बहुतेक वेळा बायका. कुणाचं नाव घ्यायचं नाही, मेढीलाच विचारायचं. जाब संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि खळ्यात चपला घालून यायचं नाही, मग तो कुणीही असो. मेढीला बोललेलं कुणी अंगावर घेत नाही, पण कुणी विसरतही नाही. डॉक्टरच्या वर्षी एका म्हातारीने अगदी मऊ आवाजात विचारलं होतं, "डाक्तर, तुमची तब्येत बरी हाय ना? कधी दिसला नाय, म्हून काळजी वाटली." खरा डॉक्टर तिथेच बसला होता. पुढच्या आठवड्यात तो दवाखान्यात दिसू लागला.

ती म्हातारी म्हणजे यमुना. इरा, तू तिच्या गोणपाटावर बसली होतीस. गोणपाट घरून आणायचं, लवकर येऊन खळ्याच्या कडेला पसरायचं, ही तिची वर्षानुवर्षांची जागा. तू तिला विचारलंस, "हे लोक खांबाला का ओरडतात?" तिला शहरी मराठी नीट कळेना, तुला तिची कळेना, मी मध्ये दुभाषी. ती म्हणाली, "मानसाला बोललं की मानूस भांडतो गो बाय. ही बरी, उभी ऱ्हाते." तू जाऊन मेढीला हात लावून आलीस. तुला आठवतं का मला माहीत नाही. तिला आठवतं.

आता वाट. सिद्धगडाच्या अंगाला यमुनाचं गाव आहे. गावातल्या घरांना नळ आहेत, तोट्या चकचकीत आहेत, पाणी तेवढं यायचं आहे. बायका पूर्वीपासून कातळावरच्या विहिरीवर जातात. गेल्या वर्षी पाऊस संपता संपता मुंबईच्या एका शेठनी विहिरीच्या अलीकडचा माळ त्यावरच्या जुन्या बंगल्यासकट घेतला, तारेचं कुंपण घातलं आणि ऐन वाटेवर लोखंडी फाटक बसवलं. विहीर त्यांची नाही. वाट त्यांची नाही. फाटक मात्र त्यांचं आणि कुलूपही त्यांचं. बायका वळसा घालून ओहोळावर जाऊ लागल्या, आणि ओहोळ थंडी सरता सरता आटतो हे तिथल्या पोरांनाही माहीत असतं. ग्रामपंचायतीत बोलून झालं, तालुक्याला जाऊन झालं. "बघतो" हे उत्तर सगळीकडे सारखंच मिळालं. मग यमुना म्हणाली, "औंदा मी मेढीला इचारनार." गावभर झालं. सगळे त्या जाबाची वाट बघत होते. नाटक कुठलं आहे हे कुणी विचारलंही नाही.

आणि त्याच हंगामात ती संस्था आली. मुंबईची. ग्रामीण कलेला व्यासपीठ द्यायचं म्हणाली. मुरबाडला मैदान, स्टेज, दिवे, साउंड, सगळं त्यांच्याकडून. विलास हरखून गेला. मी त्याला दोष देत नाही. जीपच्या टपावर सामान बांधून गावोगाव फिरणाऱ्या माणसाला एकदा तरी दिवे हवेसे वाटतात. त्यांनी अट एकच सांगितली, तीही अगदी सहज. स्टेज प्लायवूडचं, त्याला भोक पाडता येणार नाही, त्यामुळे खांब रोवता यायचा नाही.

"काका, टेन्शन नको," डेकोरेशनवाला विलासला म्हणाला, "थर्मोकोलची करून देतो. डिट्टो."

आणि दिली. तपकिरी रंग, वर लाकडाच्या रेषा, गाठीसुद्धा काढलेल्या. भोवती झेंडूच्या माळा. ऐनाची मेढ मंदाच्या घरी माळ्यावर राहिली.

त्या संध्याकाळी मी लवकर गेले. यमुना माझ्याही आधी आलेली होती, तिच्या गावच्या बायका घेऊन, विलासच्या जीपमधून. नेहमीसारखं पुढे जाऊन तिने गोणपाट पसरलं. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली एक मुलगी धावत आली. "मावशी, ते गोणपाट उचला ना प्लीज, फ्रेममध्ये येतंय." मग सोफे आले. सोफ्यांमागे खुर्च्या, खुर्च्यांमागे कॅमेऱ्यांचे स्टँड, त्यामागे सुतळीचा दोर, आणि दोरामागे यमुना. मला मात्र त्या मुलीने हाताला धरून सोफ्यावर नेलं, कारण मी तिच्याशी इंग्रजीत बोलले होते. मी म्हटलं, मी त्या बायकांबरोबर आहे. ती गोड हसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हाला तिथून काही दिसणार नाही." दिसणार नाही हे तिला माहीत होतं. मला आणि तिला दोघींना. तरी दोर बांधला होता.

प्रमुख पाहुणे म्हणून आले ते शेठ. फाटकवाले. कार्यक्रमाला हातभार लावला होता त्यांनी. ते बूट घालून स्टेजवर चढले, अनवाणी उभ्या असलेल्या नटांच्या मधून चालत गेले आणि माइकसमोर म्हणाले, "ही अस्सल मातीतली कला आहे." पायाखाली लाल गालिचा. मातीचा कण नाही.

नाटक सुरू झालं. चोपण्याचा ठेका नाही, गोलाकार बसलेले लोक नाहीत, सगळं एकाच दिशेला तोंड करून. मंदा चांगली नटी आहे, तिने रेटलं. मग तिने मेढीवर फाडकन हात मारला, इतकी वर्षं मारते तसा. मेढ उडाली. माळांसकट भिरभिरत विंगेत जाऊन पडली.

सोफे हसले. अगदी मोकळेपणाने, पोट धरून. मागे दोरापाशी कुणी हसलं नाही.

मंदाने ती उचलून आणली. काखेत धरून उभी केली, मोडलेल्या माणसाला उभं करावं तशी, आणि समोर वळून तिने विचारलं, "कोण इचारतंय हिला?" मी मागे वळून पाहिलं. कॅमेऱ्यांच्या पलीकडे यमुना उठून उभी राहिलेली होती. दोराला धरून. तिने तोंड उघडलं. आणि निवेदक माइकमध्ये म्हणाला, "वेळेअभावी इथेच थांबूया, जोरदार टाळ्या!" बासरी सुरू झाली. शाली आल्या. शेठनी मंदाला शाल दिली. तेच ते हसू, तुम्ही पाहिलेलं.

मी उठून त्या संयोजकाकडे गेले आणि माझ्या शाळेतल्या आवाजात सांगितलं की नाटक संपलेलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, हायलाइट्स कॅमेऱ्यात आल्यात."

इतकी वर्षं इंग्रजी शिकवली मी. त्यातले किती शब्द असे माणसांच्या तोंडावर दार लावायला वापरले जाणार आहेत, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

परत जाताना जीपमध्ये यमुनाने गोणपाटाची घडी मांडीवर ठेवली होती. ती म्हणाली, "विलास, मेढ पाडलीस रे."

विलासने समोर बघत गाडी चालवली. मंदा मागून म्हणाली, "काकी, पुन्ना करू."

"कुठं?"

"वाट जिथं बंद हाय तिथं."

फाटकासमोरचा रस्ता गावचा आहे, त्यात वाद नाही. तिथे एका रविवारी सकाळपासून खळं चोपायला सुरुवात झाली. शेठ पाहुण्यांना घेऊन बंगल्यावर आलेले होते. चोपण्यांचा धप धप आवाज त्यांच्या व्हरांड्यापर्यंत सहज जात असणार, कारण मला तो पार खालच्या वळणावर ऐकू येत होता. ऊन चढेपर्यंत सारवून झालं. ऐनाची मेढ खोल खड्ड्यात उभी राहिली. रघूने तिला खांद्याने ढकलून पाहिलं आणि म्हणाला, "आता हानायचं तेवढं हान गो मंदा." बायका गोणपाटं घेऊन आल्या, आणि कमरेवर हंडे. ओहोळावर जायचंच होतं, नाटक बघून जाऊ.

रखवालदार फाटकाच्या गजांतून म्हणाला, "साहेब इचारतायत, परवानगी घेतली का?"

"सांग त्यांना," विलास म्हणाला, "रस्ता गावचा, नाटक बी गावचं. बघायचं आसंल तर या म्हनावं. चपला काढून."

शेठ आले नाहीत. व्हरांड्यात कप घेऊन उभे राहिले, तारेच्या पलीकडे. मला तो दोर आठवला. मला अजून त्यांची दया आलेली नाही.

दुपार कलली, नाटक रंगात आलं, आणि कुलूप निघाल्याचा आवाज झाला. फाटक कुरकुरत उघडलं. दोन माणसं पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचे ढीग घेऊन बाहेर आली. "साहेबांनी पाठवल्यात. बायांना खाली बसवू नका म्हनाले." त्यांनी खळ्याच्या कडेला खुर्च्यांची रांग मांडली आणि उरलेल्या आणायला आत गेले. फाटक उघडंच राहिलं. एकही बाई गोणपाटावरून हलली नाही. खुर्च्या नाटक बघत राहिल्या.

या माणसांना वाट मागितली की खुर्ची देतात. पाणी मागितलं की शाल. आणि घेतली नाही तर म्हणतात, यांना कशाची किंमतच नाही.

मंदाने मेढीवर हात मारला. असा बसला की माझ्या दातांत कळ गेली. मेढ हलली नाही. "कोण इचारतंय हिला?"

यमुना उठली. कमरेवर हंडा तसाच. मेढीजवळ गेली आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"मेढी, तुला ताहान लागत नाय, मला म्हायत हाय. तू लाकूड. पन तू कदी कुनाची वाट आडवलीस का? बैल तुला बांदलेला, तरी त्याला फिरायला जागा व्हती. तू मधी उभी, तरी भवतीनं समदे जात व्हते." मग ती फाटकाच्या लोखंडी खांबाकडे वळली. "ह्या मेढीला कोन इचारनार?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. खुर्च्यांच्या रांगेला वळसा घालून सरळ उघड्या फाटकातून आत चालू लागली, विहिरीच्या दिशेने. आम्ही सगळ्या विलासकडे बघू लागलो. जाब संपेपर्यंत उठायचं नाही हा नियम. पण जाब विचारणारीच चालत निघाली तर?

विलास म्हणाला, "जाब चालूच हाय. जावा तिच्या मागं."

गोणपाटं तशीच राहिली. हंडे उचलले गेले. रघू ढोलकी वाजवत पुढे, मंदा तिच्या नाटकातल्या लुगड्यात, आणि मी, दुखरा गुडघा घेऊन, सगळ्यांच्या शेवटी. खुर्च्या आणणारी दोन माणसं हातात ढीग धरून बाजूला उभी राहिली. फाटक लावायचं की नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेठ व्हरांड्यातून काही बोलले. ढोलकीत ऐकू आलं नाही. बायका विहिरीवर गेल्या, हंडे भरले, त्याच वाटेने परत आल्या. हिंदकळून पाणी सांडलं आणि ताज्या सारवलेल्या खळ्यावर ओल्या ठिपक्यांची एक गोल माळ उमटली. त्याचा व्हिडिओ कुणी केला नाही. मला फोनची आठवणच झाली नाही.

तुम्ही विचाराल, मग झालं ना सगळं चांगलं? थांबा. आता फाटक रोज सकाळी थोडा वेळ उघडतं. बाजूला एक पाटी लागली आहे. मागच्या महिन्यात यमुनाने मला तिच्यासमोर उभं केलं. "वाच गो मास्तरीणबाय, काय लिवलंय?"

मी वाचलं. ग्रामस्थांसाठी पाण्याची वाट, सकाळच्या वेळेत, सौजन्याने. पुढे शेठचं नाव.

"सौजन्य म्हंजी?"

"चांगुलपणा. त्यांच्या चांगुलपणामुळे."

ती पाटीकडे बघत राहिली. "म्हंजी आमचीच वाट आमाला उसनी दिली?"

मी पाटी पुन्हा वाचून काढली. त्या पाटीवर एकही चूक नाही, सगळं शुद्ध आहे. लाल पेनाने खुणा करायला कुठे जागाच ठेवलेली नाही. म्हणून इतका संताप येतो.

तर इरा, निहार, प्रॉपर स्टेज ते नव्हे. ते गेलं, त्याच रात्री टेम्पोत भरून. प्रॉपर स्टेज या आठवड्यात फाटकासमोर चोपलं जातंय. मंदाने मेढ माळ्यावरून काढून धुतली आहे. यंदा ती पाटी होणार आहे. मंदाने तालमीत तिच्यावर हात मारून बघितला, आणि विलास पहिल्यांदाच म्हणाला नाही की माती कुठे पोकळ आहे. सुट्टी मिळाली तर या. गोणपाट यमुनाकडे आहे, तिने विचारलंय, "ती खांबाला हात लावनारी पोर केवढी झाली?"

शेठनी परवा निरोप पाठवला आहे, यंदाही खुर्च्या देतील. विलास नको म्हणायला निघाला होता. यमुनाने त्याला थांबवलं.

"येऊ दे रे खुर्च्या," ती म्हणाली. "लई मागव. आनेपरेंत फाटक उगडं ऱ्हातंय."